औषधालाही नसलेला ओझोन

दिवाळीच्या अंकात तेलावर लेख लिहायला कुणाची परवानगी लागू नये. चकलीच्या कढईपासून पहिल्या अंघोळीच्या वाटीपर्यंत या चार दिवसांत आपला सारा व्यवहार तेलाशीच असतो. पण मी ज्या तेलाविषयी लिहिणार आहे ते ना कढईतले, ना पणतीतले, ना उटण्याबरोबरचे. ते औषधांच्या दुकानात मिळते, आणि त्याहूनही अधिक दुकानाबाहेर, म्हणजे आरोग्यशिबिरांत, ग्राहकपेठांत, कुणाच्या तरी मावसभावाच्या पिशवीत! छोटीशी काळसर काचेची बाटली असते. तिच्यावर 'ओझोनयुक्त तेल' असे ठळक लिहिलेले असते, आणि खाली ते कशाकशावर चालते याची यादी. यादी लांबलचक असते. गजकर्ण, नायटा, चिखल्या, भाजणे, कापणे, तोंड येणे, हिरड्या सुजणे, मुरुमे, न भरणाऱ्या जखमा. एका बाटलीवर तर केस गळण्यापासून सांधेदुखीपर्यंत मजल गेलेली मी पाहिली आहे.

मराठीच्या अध्यापकाने या भानगडीत कशाला पडावे, असे वाचकांना वाटेल. पडण्याचे कारण घरातलेच आहे, ते पुढे येईलच. परंतु मला प्रथम खटकला तो शब्द. 'युक्त' म्हणजे सहित. ओझोनयुक्त तेल म्हणजे ज्यात ओझोन आहे ते तेल, असाच अर्थ कोणीही करील. आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. मधल्या सुट्टीत चहा घेताना मी त्यांच्यापुढे बाटली ठेवली आणि विचारले, "यात ओझोन किती असेल हो?"

त्यांनी बाटली उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ओझोन? औषधालाही नाही!"

मी चमकलो. म्हणजे लेबलावरचा पहिलाच शब्द खोटा? "खोटा नव्हे, गैरसमज करून देणारा," असे म्हणून त्यांनी जी शिकवणी सुरू केली ती पुढे तीन आठवडे चालली. वाङ्मयाच्या माणसाला झेपेल अशा बेताने त्यांनी जे सांगितले, आणि त्यानंतर मी स्वतः जे मिळवून वाचले, ते येथे मांडतो आहे.

ओझोनाचे बारसे त्याच्या वासावरून झाले. विद्युत्-यंत्रातून ठिणग्या उडाल्या की एक विशिष्ट वास येतो, हे हॉलंडमधील फान मारुम या शास्त्रज्ञाने १७८५ मध्येच नोंदवून ठेवले होते. पण हा विजेचाच वास, अशी त्याची समजूत झाली आणि गोष्ट तेथेच राहिली. पुढे १८३९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे क्रिस्टियान फ्रीडरिश शेनबाइन नावाचे प्राध्यापक पाण्यातून वीज सोडून त्याचे पृथक्करण करीत होते. त्यांना तोच वास आला. हा विजेचा वास नसून एक स्वतंत्र पदार्थ आहे, हे त्यांनी ताडले आणि १८४० मध्ये त्याचे नामकरण केले. ग्रीक भाषेत 'ओझेइन' म्हणजे वास येणे, त्यावरून ओझोन. हेच बारसे मराठीत झाले असते तर मूल 'वासू' झाले असते!

हा वास आपल्यालाही अनोळखी नाही. जवळपास वीज कडाडून गेल्यावर हवेत जो तिखटसर, नाकात चढणारा वास दरवळतो तो याचाच. महाविद्यालयाच्या कार्यालयातले जुने झेरॉक्स यंत्र परीक्षेच्या दिवसांत तासन् तास चालू राहिले की त्याच्याजवळही तो येई. शेनबाइन यांनी ओझोन ओळखण्याची युक्तीही मोठी सोपी काढली. पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चची खळ यांत भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी. तिला ओझोन लागला की आयोडीन मोकळे होते, खळीला मिळते आणि पट्टी निळी पडते. ही निळाई वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आपण श्वासाबरोबर घेतो त्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात. ओझोनाच्या रेणूत तीन असतात, हे १८६५ मध्ये सोरे या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. दोघांच्या संसारात शिरलेला हा तिसरा! तो स्वस्थ बसत नाही. जो भेटेल त्याला धरून बाहेर पडतो, आणि ज्याला धरतो त्याची मोडतोड करतो. जंतू भेटला तर जंतूची. म्हणून पाणी शुद्ध करण्यासाठी त्याचा उपयोग फार पूर्वीपासून होत आला. वेर्नर फोन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये काचेच्या नळीतून शांतपणे विद्युत्-विसर्ग घडवून ओझोन करण्याचे साधन बनवले. त्याच तत्त्वावर पुढे १९०६ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहराचे पाणी ओझोनाने शुद्ध होऊ लागले. प्रवासात आपण पाण्याची बाटली विकत घेतो, तिच्यावरचा बारीक मजकूर वाचून पाहा. पुष्कळ बाटल्यांवर हे नाव सापडेल.

मात्र जंतूंची मोडतोड करणारा वायू माणसाची का करणार नाही? ओझोन हुंगला तर श्वसनमार्गाला आणि फुप्फुसांना इजा करतो. आकाशात पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर आहे तोवर तो आपले छत्र. १९८७ चा माँट्रियल करार झाला तो ते छत्र वाचवण्यासाठी. तोच नाकाशी आला की वैरी. पहिल्या महायुद्धात जॉर्ज स्टोकर नावाच्या आयरिश लष्करी डॉक्टरांनी सैनिकांच्या चिघळलेल्या जखमांवर हा वायू सोडून पाहिला आणि १९१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अनुभव लिहिले. हे स्टोकर म्हणजे 'ड्रॅक्युला' कादंबरीचे लेखक ब्रॅम स्टोकर यांचे धाकटे बंधू. एका भावाने रक्त पिणारा निर्माण केला, दुसरा जखमा भरत बसला! असो. पण वायू हाताळायला अवघड, जखमेवर टिकायचा नाही आणि खोलीत पसरला की रोग्याला आणि परिचारिकेला त्रास. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीत तर ओझोन हा विषारी वायू असून त्याचा कोणताही उपयुक्त वैद्यकीय वापर ज्ञात नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. तो नियम वायूविषयी आहे, हे मात्र विसरू नये.

आता तेलाकडे वळू. तेलाच्या रेणूंत कर्बाच्या अणूंची लांब साखळी असते. काही तेलांच्या साखळीत मधूनमधून दुहेरी कड्या असतात. ओझोनाला या दुहेरी कड्यांचे भारी वेड. दिसली कडी की घातला हात! कडी तुटते, आणि तुटलेल्या जागी प्राणवायूचे तीन अणू गुंतवून एक नवी रचना होते. तिला ओझोनाइड म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कार्ल हारीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या ओझोनाइडांचा कसून अभ्यास केला. गंमत अशी की, हे हारीस म्हणजे सीमेन्स यांचे जावई. सासऱ्याच्या यंत्राचे जावयाने चीज केले असे म्हणायला हरकत नाही.

दुहेरी कड्या किती, यावर सारे अवलंबून. त्या मोजण्याचा एक आकडा आहे, त्याला आयोडीन अंक म्हणतात. सूर्यफुलाच्या तेलाचा तो साधारण ११८ ते १४१ असतो, तिळाच्या तेलाचा १०४ ते १२०, ऑलिव्हचा ७५ ते ९४. आणि आपल्या खोबरेलाचा? अवघा ६ ते १०! खोबरेलात दुहेरी कड्या जवळजवळ नाहीतच, म्हणून ओझोनाला तेथे हात घालायला जागा नाही. तासन् तास ओझोन सोडला तरी तो आला तसा बाहेर जायचा. कोकणातल्या माझ्या आप्तांना हे रुचणार नाही, पण 'ओझोनयुक्त खोबरेल' अशी बाटली दिसली तर ती केसांना लावावी. तिच्याकडून अधिक अपेक्षा धरू नये.

करण्याची रीत ऐकायला सोपी आहे. कोरडा प्राणवायू विद्युत्-विसर्गातून नेला की त्यातला थोडा भाग ओझोन होतो. तो तेलात बुडबुड्यांनी सोडत राहायचा, काही तास. तेल हळूहळू दाटते. ऑलिव्हचे तेल तर थिजलेल्या तुपासारखे पांढरट होऊन बसते. आणि त्याला एक उग्र वास येतो. हा वास ओझोनाचा नव्हे बरे का! दुहेरी कडी तुटताना अल्डिहाइड नावाची लहान रसायने सुटतात, त्यांचा तो वास. फराळाचे डबे मार्गशीर्षापर्यंत राहिले की तळाच्या शंकरपाळ्यांना जो खवट वास येतो, त्यातही हीच मंडळी असतात. खवटपणा हवेतल्या प्राणवायूने आपोआप, बेबंदपणे येतो. इथे ओझोनाकडून तो मोजून-मापून आणवलेला असतो आणि त्याबरोबर ओझोनाइड हे नवे रसायन पदरात पडते. म्हणजे ओझोनाने तेलावर संस्कार केला आणि तो निघून गेला. मागे राहिले ते बदललेले तेल.

हे ऐकल्यावर मला शब्द सापडला. आपल्याकडे वैद्य लोक तेल 'सिद्ध' करतात. वनस्पतींचा काढा आणि कल्क घालून तेल उकळायचे, पाणी आटवायचे, गाळायचे. वनस्पती जाते, तेलाचा गुण पालटतो. तूप पाण्याने शंभरदा धुऊन केलेले शतधौतघृत आजही कित्येक घरांत भाजल्यावर लावतात. तेव्हा 'ओझोनयुक्त' नव्हे, 'ओझोनसिद्ध तेल' म्हणावे. माझ्या स्नेह्यांना शब्द पसंत पडला. यापुढे मी तोच वापरतो. नुसता शब्दच्छल नाही हा. 'युक्त' म्हटले की माणूस वास हुंगून ओझोन आहे की नाही ते पाहतो. 'सिद्ध' म्हटले की कितपत सिद्ध झाले, असे विचारावेसे वाटते.

हे तेल त्वचेवर लावले की तेथल्या ओलाव्याशी ओझोनाइडांचा संबंध येतो आणि त्यांतून हळूहळू पेरॉक्साइडे सुटतात. खरचटलेल्या गुडघ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर पांढरा फेस येतो, तो आपण पाहिलेला असतो. त्याचा जोर क्षणात ओसरतो. तेलातून तेच काम सावकाश, थोडेथोडे, जागेवर राहून होते. जंतूचे आवरण आणि आतली प्रथिने यांवर त्याचा मारा होतो. इटलीतील सास्सारी येथील संशोधकांनी २००१ मध्ये सूर्यफुलाचे असे तेल निरनिराळ्या जंतूंवर काचपात्रात तपासले. पू करणारे स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, इस्पितळात ठाण मांडणारा स्यूडोमोनास, या साऱ्यांवर ते लागू पडले. आणि क्षयाच्या जंतूंचे जे कूळ, त्या मायकोबॅक्टेरियांवर विशेष. पण काचपात्रात जंतू मारायला पुष्कळ गोष्टी चालतात. व्हिनेगरनेही मरतात. माणसाच्या कातडीवर काय होते, हा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर शोधले गेले ते आपल्या कल्पनेत नसलेल्या ठिकाणी, म्हणजे क्यूबात. हवाना शहरात राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्राच्या छत्राखाली ओझोनाच्या संशोधनासाठी वेगळी संस्थाच उभी राहिली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबाचा आधार तुटला. अमेरिकेची व्यापारबंदी आधीपासून होतीच. औषधांची फार ओढगस्त झाली. अशा देशाला वीज, प्राणवायू आणि सूर्यफुलाचे तेल यांतून औषध निघत असेल तर ते किती मोलाचे वाटले असेल, याची कल्पना करावी. त्या तेलाचे नाव 'ओलिओझोन'.

सिल्विया मेनेंदेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या बुरशीवर हे तेल तपासले आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्ण २००. काहींना ओलिओझोन, काहींना कीटोकोनाझोलचे नेहमीचे मलम. दिवसातून दोनदा, सहा आठवडे. तेलाने पूर्ण बरे झालेले शेकडा ७५, मलमाने शेकडा ८१. आणि हा फरक गणिताच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा नव्हता. मला हे आकडे फार आवडले. का सांगू? तेलाने मलमाला धूळ चारली असे ते म्हणत नाहीत. तेल मलमाच्या जवळपास जाते, एवढेच म्हणतात. जाहिरात लिहिणारा असे कधी लिहीत नाही.

त्याच मंडळींनी २०११ मध्ये नखांच्या बुरशीवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४०० रुग्ण. तेलाने बरे झालेले शेकडा ९०.५, कीटोकोनाझोल मलमाने १३.५. डोळे दिपतात! पण आमच्या रसायनवाल्यांच्या ओळखीतील एका त्वचारोगतज्ज्ञांना मी विचारले तेव्हा ते हसले. टणक नखातून हे मलम आत शिरतच नाही, नखाच्या बुरशीला पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात, असे ते म्हणाले. म्हणजे आजारी मल्लाला आखाड्यात उतरवून त्याला चीतपट केल्यासारखे झाले. शिवाय तेल बनवणारी आणि तपासणारी माणसे एकाच वर्तुळातली. मेनेंदेझबाईंच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही; पण एकाच घराण्यातल्या गवयांनी एकमेकांना दाद द्यावी, तिला बाहेरच्या मैफलीत जरा सांभाळूनच घेतात.

बेचक्यांतल्या बुरशीची गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्याकडे तिला 'चिखल्या' असे नेमके नाव आहे. भातलावणी करणाऱ्या बायकांना त्या होतात, पावसाळ्यात ओल्या बुटांनी लोकल पकडणाऱ्यांना होतात, दिवसभर पाण्यात हात-पाय असणाऱ्या धुण्याभांड्याच्या बाईंना होतात. आणि गजकर्णाची स्थिती तर गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात फारच बिकट झाली आहे. पूर्वी पंधरा दिवसांच्या मलमाने जाणारे गजकर्ण आता महिनोन् महिने हटत नाही, घरातल्या चौघांना होते, परत परत येते. त्याचे एक मोठे कारण म्हणजे बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टेरॉइड यांची खिचडी केलेली मलमे. लावल्या लावल्या खाज थांबते, म्हणून लोक खूश. आत बुरशी बिनघोर पसरते. २०१८ मध्ये सरकारने त्वचेला लावायच्या अनेक स्टेरॉइडांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांच्या त्वचेवरच्या, टर्बिनाफीन या हुकमी औषधालाही न जुमानणाऱ्या बुरशीला नवे नाव दिले, 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. नावात आपला देश आहे. अभिमान वाटावा असा हा प्रसंग खासच नव्हे. २०२३ मध्ये ती अमेरिकेतही आढळल्याचे जाहीर झाले.

अशा वेळी एखादे स्वस्त, निराळ्या रीतीने काम करणारे तेल हाती असणे ही लहान गोष्ट नाही. टर्बिनाफीन बुरशीच्या एका नेमक्या जागी घाव घालते. ती जागा बदलली की औषध निकामी. पेरॉक्साइडांचा मारा एकाच वेळी अनेक जागी होतो, म्हणून त्याला चुकवणे बुरशीला अवघड जावे, असा तर्क आहे. तर्क पटण्याजोगा आहे. म्हणूनच मला त्या लांबलचक याद्यांचा राग येतो. जे तेल बेचक्यांसाठी उपयोगी ठरू शकते, त्याला प्रत्येक जखमेवरचा रामबाण म्हणून विकले की काय होते, ते मी घरात पाहिले आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान कऱ्हाडला असतात. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. मधुमेह वीस वर्षांचा. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. ते मला 'प्रोफेसर' म्हणतात, आणि त्यात थोडी चेष्टा असते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या तळव्याला कुरूप झाले. ते त्यांनी स्वतःच ब्लेडने सोलले. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली, तेव्हा दुखले नाही. जखम झाली. त्याच सुमारास गावातल्या एका शिबिरात कुणीतरी त्यांना ही बाटली दिली. 'न भरणाऱ्या जखमा' हे शब्द यादीत होतेच. दाजी मोठ्या नेमाने सकाळ-संध्याकाळ तेल लावू लागले.

गौरी-गणपतीला मी गेलो तेव्हा त्यांनी बाटलीचे बूच काढून माझ्या नाकाशी धरले. "वास बघा प्रोफेसर! ओझोन आहे हा. काम करतंय की नाही?"

जखम वरून खरोखरच स्वच्छ दिसत होती. कडा गुलाबी होत्या. ताई मात्र माझ्या मागे येऊन हळूच म्हणाली, "पाय गरम लागतोय रे." दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना इस्पितळात नेले. क्ष-किरण छायाचित्रात दिसले की, पू हाडापर्यंत पोहोचला आहे. दुसरे बोट काढावे लागले. आणखी आठवडा गेला असता तर पाऊल गेले असते, असे शस्त्रवैद्य म्हणाले. ते तेलाला शिव्या देतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी दिल्या नाहीत. तेलाने काही बिघडवले नाही, ते म्हणाले, पाच आठवडे मात्र खाल्ले. मधुमेहाच्या पायाला आधी साखर आवरावी लागते, रक्तपुरवठा तपासावा लागतो, मेलेले मांस काढावे लागते, त्या जागेवरचा भार उतरवावा लागतो, जंतू खोल गेले असतील तर प्रतिजैविके द्यावी लागतात. वरून काय लावायचे, हा प्रश्न सर्वांत शेवटचा.

मधुमेहाच्या पायावर ओझोनाचे उपचार करून पाहिले गेलेले आहेत, नाही असे नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र करून पारखणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये त्यांचा आढावा घेतला. निकषांत बसणाऱ्या चाचण्या निघाल्या तीन, रुग्ण सगळे मिळून २१२. एवढ्यावरून काही ठाम सांगता येत नाही, असा त्यांचा निर्णय. दाजींच्या बाटलीवर मात्र सारे ठाम होते.

आणि समजा, तेल जखमेला उपयोगी आहे. तरी कोणते तेल, हा प्रश्न उरतोच. इटलीतल्या सिएना येथे वालाक्की, बोच्ची आदी संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांच्या जखमांवर तिळाचे ओझोनसिद्ध तेल लावून पाहिले. आपले तिळाचे तेल! त्यांनी तीन प्रकार घेतले होते: कमी सिद्ध, मध्यम आणि फार. हे मोजतात पेरॉक्साइड अंकाने. १००० च्या खालचे, १५०० च्या आसपासचे आणि ३००० च्या वरचे. सर्वांत चांगली भरली ती मधल्या तेलाची जखम. कमी पडले तर उपयोग नाही, आणि जास्त झाले तरी भरणे लांबते. भाजीत मीठ किती, इतकी साधी बाब आहे ही. पण बाटली घेणाऱ्याला ती कळणार कशी?

म्हणून एका शनिवारी प्रयोगशाळा रिकामी असताना आमच्या स्नेह्यांनी दोन बाटल्या तपासायला घेतल्या. एक दाजींची उरलेली, ताईने माझ्याबरोबर पाठवलेली. दुसरी इथल्या औषधांच्या दुकानातून आणलेली नवी. तेल तोलून घेतले, ॲसेटिक आम्ल आणि क्लोरोफॉर्म यांच्या मिश्रणात विरघळवले, त्यात पोटॅशियम आयोडाइड टाकले आणि चंचुपात्रे अंधाऱ्या कपाटात ठेवून दिली. ओझोनाइडे आळशी असतात, त्यांना रात्रभर वेळ द्यावा लागतो म्हणे. रविवारी सकाळी शिपायाकडून किल्ली घेऊन आम्ही पुन्हा गेलो. तेलात जेवढे पेरॉक्साइड तेवढे आयोडीन मोकळे झालेले. ब्यूरेटमधून थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचे, शेवटी स्टार्च घालायचा, आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. शेनबाइन यांच्या पट्टीतलीच ती निळाई, पावणेदोनशे वर्षांहून जुनी!

दाजींच्या बाटलीची निळाई चार-सहा थेंबांतच उडाली. घरात राहून जुने झालेल्या गोडेतेलाइतपतच तिचा अंक. आता ती कारखान्यातूनच तशी निघाली होती, की कऱ्हाडच्या दोन उन्हाळ्यांत खिडकीत राहून तशी झाली, हे सांगणे न्यायाचे होणार नाही. ही तेले थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावी लागतात. तेही लेबलावर नव्हते. वास मात्र दोन वर्षांनंतरही तितकाच उग्र होता. नव्या बाटलीची गोष्ट वेगळी. ब्यूरेट एकदा रिकामे झाले, पुन्हा भरले, तरी रंग हटेना. अखेर हिशेब लागला तेव्हा अंक हजाराच्या थोडा पुढे निघाला. म्हणजे तेल खरे होते. बाटलीवर किंमत होती, वजन होते, सूर्यफुलाचे चित्र होते, तेवीस विकारांची यादी होती. हा अंक कोठेही नव्हता.

स्नेह्यांनी खिशातली पेन्सिल काढून तो लेबलाच्या कोपऱ्यात लिहिला आणि खाली तारीख घातली. बाटली सध्या आमच्या फ्रीजच्या दारात लिंबाच्या लोणच्याशेजारी आहे. यंदाच्या पावसाळ्यात धाकट्याच्या बेचक्यांना ती लावली आणि चिखल्या तीन आठवड्यांत गेल्या. पण त्याच वेळी त्वचारोगतज्ज्ञांचे मलमही चालू होते, आणि त्याच्या आईने त्याचे बूट रोज स्टोव्हजवळ वाळवले होते. तेव्हा श्रेय कोणाला द्यायचे यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.